कार्बन नॅनोनलिकांचे द्रवातील समान विखुरण : चिंचोळी एमआयडीसी परिसरातील अमाइन रसायनांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश :

कार्बन नॅनोनलिकांचे गुणधर्म असामान्य असले तरी त्यांचा प्रत्यक्ष उपयोग एका प्राथमिक अडचणीपाशी अडतो. या नलिका द्रवात सुट्या राहत नाहीत, तर जुड्या बांधून तळाशी बसतात. प्रस्तुत लेखात या अडचणीचे भौतिक कारण, नलिका विलग करण्याच्या व विलग ठेवण्याच्या पद्धती आणि विखुरणाची पारख यांचे विवेचन केले आहे. या कामी जगभर वापरली जाणारी एनएमपी, डीएमएफ व पीव्हीपी ही रसायने सोलापूर परिसरातील अमाइन उद्योगाच्या उत्पादनसाखळीशी संबंधित आहेत. त्यामुळे स्थानिक महाविद्यालयांच्या दृष्टीने हा विषय दूरचा राहत नाही, हे येथे दाखविले आहे.

बीजसंज्ञा : कार्बन नॅनोनलिका, विखुरण, द्रावक, पृष्ठऊर्जा, एनएमपी, पीव्हीपी, श्राव्यातीत ध्वनी.

१. प्रस्तावना :

सन १९९१ मध्ये जपानी शास्त्रज्ञ सुमिओ इजिमा यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात कार्बनच्या सूक्ष्म, बहुभित्ती नलिकांचे वर्णन प्रसिद्ध केले. सन १९९३ मध्ये एकभित्ती नलिकाही ज्ञात झाल्या. तत्पूर्वी, १९५२ मध्ये, सोव्हिएत संशोधक रादुश्केविच व लुक्यानोविच यांनी अशाच कार्बन तंतूंची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकीय चित्रे प्रसिद्ध केली होती. परंतु व्यापक संशोधनाला चालना मिळाली ती १९९१ नंतरच. ग्रॅफाइटचा एक थर गुंडाळून पोकळ नळी करावी, अशी या नलिकेची रचना असते. एकभित्ती नलिकेचा व्यास साधारणतः १ ते २ नॅनोमीटर आणि लांबी बहुधा मायक्रोमीटरमध्ये असते. म्हणजेच तिची लांबी व्यासाच्या शेकडो ते हजारो पट असते. पोलादाहून अधिक ताणबल, उत्तम विद्युतवहन व अल्प वजन हे गुण एकाच पदार्थात असल्याने तिच्याविषयी मोठ्या अपेक्षा निर्माण झाल्या.

तथापि, काळ्या भुकटीच्या स्वरूपातील नलिका पाण्यात टाकून ढवळल्यास त्या गुठळ्यांच्या रूपाने तरंगतात किंवा तळाशी बसतात. बहुवारिकात मिसळल्यास बळकटी येण्याऐवजी गुठळीच्या जागी तडा जाण्याचा धोका वाढतो. विद्युतवाहक लेपात एके ठिकाणी नलिकांची दाटी होते, तर दुसरीकडे त्यांचा अभाव राहतो. नलिका कितीही शुद्ध असली तरी ती सुटी होऊन समप्रमाणात पसरल्याशिवाय तिचे गुण अंतिम वस्तूत उतरत नाहीत. या क्रियेस इंग्रजीत ‘डिस्पर्शन’ म्हणतात. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी ‘विखुरण’ हा शब्द योजला आहे.

२. नलिका एकमेकींना बिलगण्याचे कारण :

ही अडचण ढवळण्याच्या कमतरतेची नसून ऊर्जेची आहे. दोन नलिकांमध्ये व्हान डर वाल्स आकर्षण असते. दोन अणूंमधील हे आकर्षण अत्यंत क्षीण असते. परंतु दोन नलिका समांतर आल्या की त्यांच्या संपूर्ण लांबीवर ते जमा होत जाते. एकभित्ती नलिकांच्या बाबतीत ते दर नॅनोमीटर लांबीस सुमारे ०.५ इलेक्ट्रॉनव्होल्ट इतके असते. १ मायक्रोमीटर लांबीच्या संपर्कासाठी हा आकडा सुमारे ५०० इलेक्ट्रॉनव्होल्ट होतो. याउलट, सामान्य तापमानास उष्णतेमुळे होणाऱ्या रेणूंच्या हालचालीची ऊर्जा सुमारे ०.०२५ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. म्हणजे दोन नलिकांना जोडून ठेवणारी ऊर्जा त्यांना हलविणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे २०,००० पट ठरते.

साखर पाण्यात विरघळते, कारण तिच्या रेणूंना सुटे करण्यास उष्णतेची हालचाल व पाण्याची ओढ पुरेशी असते. नलिकेची गोष्ट वेगळी आहे. तिच्या आकारामुळे विखुरल्याने होणारा एन्ट्रॉपीचा लाभ नगण्य असतो आणि जुडी मोडण्याची किंमत प्रचंड असते. म्हणून एकदा सुट्या केलेल्या नलिकाही संधी मिळताच पुन्हा जुडीत जातात. यावरून या प्रश्नाचे दोन स्वतंत्र भाग पडतात : नलिका विलग करणे आणि त्या विलग ठेवणे. पहिल्या भागासाठी बाहेरून ऊर्जा द्यावी लागते, तर दुसऱ्यासाठी योग्य रसायन निवडावे लागते. यंत्राचे काम रसायनावर किंवा रसायनाचे यंत्रावर ढकलल्यास प्रयोग फसतो.

३. नलिका विलग करणे :

प्रयोगशाळेत या कामी श्राव्यातीत ध्वनीचा वापर रूढ आहे. सुमारे २० किलोहर्ट्झ वारंवारतेने कंप पावणारी टायटॅनियमची कांडी द्रवात बुडविली असता द्रवात असंख्य सूक्ष्म बुडबुडे तयार होतात व क्षणार्धात कोसळतात. कोसळणाऱ्या बुडबुड्याभोवती द्रवाचे अतिवेगवान प्रवाह निर्माण होतात. हे प्रवाह जुडीच्या टोकाकडील नलिकांना थोडेसे फाकवितात. त्या फटीत द्रावकाचे किंवा विखुरण-साहाय्यकाचे रेणू शिरतात आणि चेन उघडत जावी त्याप्रमाणे जुडी क्रमाक्रमाने उकलते.

ही क्रिया दुधारी आहे. ज्या प्रवाहाने जुडी उकलते, त्याच प्रवाहाने नलिका तुटतेही. उपचाराचा काळ वाढत जातो तशी नलिकांची सरासरी लांबी घटत जाते. विद्युतवाहक जाळे तयार करण्यास लांब नलिका उपयुक्त असल्याने अतिरेकी उपचाराने मूळ हेतूच बाधित होतो. शिवाय द्रव तापतो, कांडीचे टोक झिजून टायटॅनियमचे कण नमुन्यात उतरतात आणि काही सेंद्रिय द्रावकांचे अपघटनही होते. त्यामुळे पात्र बर्फात ठेवणे, ध्वनी थांबून-थांबून देणे आणि वेळेबरोबरच द्रवाला दिलेली ऊर्जा व द्रवाचे आकारमान यांची नोंद करणे आवश्यक ठरते. ‘३० मिनिटे सोनिकेशन केले’ एवढी नोंद दुसऱ्या संशोधकास तोच प्रयोग पुन्हा करण्यास पुरेशी नसते. बाथ-सोनिकेटरची तीव्रता कांडीपेक्षा बरीच कमी असते आणि ती पात्राच्या जागेनुसारही बदलते.

उपचारानंतर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून न उकललेल्या जुड्या तळाशी बसवितात व वरचा द्रव काढून घेतात. मोठ्या प्रमाणावरील उत्पादनात ध्वनीऐवजी मणी-चक्की किंवा उच्चदाब समांगीकरण यंत्र वापरले जाते. साधन बदलले तरी जुडी उकलणे व लांबी राखणे यांतील तोल तोच राहतो.

४. द्रावकाची निवड :

नलिका सुट्या झाल्यावर त्यांना सुटे ठेवण्याचा पहिला मार्ग म्हणजे नलिकेस अनुरूप असा द्रावक निवडणे. सन २००० च्या सुमारास अमेरिकेत झालेल्या अभ्यासातून एन-मिथिल पायरोलिडोन, म्हणजेच एनएमपी, आणि डायमिथिल फॉर्मामाइड, म्हणजेच डीएमएफ, हे द्रावक विशेष उपयुक्त असल्याचे पुढे आले. इलेक्ट्रॉनयुग्म देण्याची चांगली क्षमता, पण स्वतः हायड्रोजन बंध देण्याची क्षमता नसणे, हे या द्रावकांचे समान वैशिष्ट्य होय.

डब्लिनच्या ट्रिनिटी महाविद्यालयातील जोनाथन कोलमन यांच्या गटाने या निरीक्षणास २००८ च्या सुमारास पृष्ठऊर्जेच्या भाषेत स्पष्ट रूप दिले. दोन नलिका वेगळ्या करताना नलिका-नलिका व द्रावक-द्रावक हे संपर्क तुटतात आणि नलिका-द्रावक हा संपर्क निर्माण होतो. नलिकेची व द्रावकाची पृष्ठऊर्जा जवळपास समान असल्यास या अदलाबदलीची किंमत शून्याच्या जवळ येते. नलिकेची पृष्ठऊर्जा दर चौरस मीटरला सुमारे ७० मिलिजूल मानली जाते. द्रवाच्या पृष्ठताणात एन्ट्रॉपीचा भाग मिळविल्यास त्याची पृष्ठऊर्जा मिळते. हा भाग बहुतेक सेंद्रिय द्रावकांत सुमारे ३० असल्याने, पृष्ठताण ४० मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास असलेला द्रावक योग्य ठरतो. एनएमपीचा पृष्ठताण नेमका याच परिसरात आहे. डीएमएफचा त्याहून थोडा कमी आहे. इथेनॉल (सुमारे २२) व अॅसिटोन (सुमारे २४) फार खाली राहतात, तर पाणी (सुमारे ७२) फार वर जाते. अॅसिटोनमध्ये उत्तम दिसणारे विखुरण काही वेळातच का बसते, याचे उत्तर या आकड्यांत आहे. केवळ पृष्ठताण जुळणे मात्र पुरेसे नसते. द्रावकाच्या रेणूची ध्रुवता व रचनाही जुळावी लागते.

येथे एक मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. एनएमपीमध्ये बव्हंशी नलिका एकेकट्या आढळतात, त्या लिटरला काही मिलिग्रॅम इतक्या विरल अवस्थेत. उद्योगाला लागणारी सांद्रता याच्या हजारो पट असते. त्या सांद्रतेला केवळ द्रावक पुरत नाही. विखुरण-साहाय्यकाची जोड द्यावी लागते. नलिकांचे खरे, स्वयंस्फूर्त द्रावण मिळाले ते क्लोरोसल्फॉनिक आम्लात. राइस विद्यापीठातील संशोधकांनी ते २००९ मध्ये सिद्ध केले. हे अतितीव्र आम्ल पाण्याशी उग्र अभिक्रिया करीत असल्याने सामान्य प्रयोगशाळेच्या दृष्टीने ते दूरचेच आहे.

५. चिंचोळीचा संदर्भ : एका पंचकोनी वलयाची कथा :

सोलापूर-पुणे महामार्गावर मोहोळ तालुक्यात चिंचोळी एमआयडीसी वसलेली आहे. याच महामार्गावर, शहराच्या अधिक जवळ, केगाव येथे २००४ मध्ये स्थापन झालेले व आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव धारण करणारे सोलापूर विद्यापीठ आहे. सन १९८८ मध्ये स्थापन झालेल्या, सोलापूरस्थित बालाजी अमाइन्स या कंपनीचे कारखाने तुळजापूर रस्त्यावरील तामलवाडी येथे व चिंचोळी येथे आहेत. मिथिल अमाइन्स, डीएमएफ, एनएमपी, गॅमा-ब्युटायरोलॅक्टोन, २-पायरोलिडोन व पीव्हीपी के-३० या रसायनांचा तिच्या उत्पादनांत समावेश राहिला आहे. नॅनोनलिकांच्या विखुरणावरील शोधनिबंधांत वारंवार येणारी तीनही नावे या यादीत आढळतात, हा निव्वळ योगायोग नाही. ती एकाच रासायनिक कुटुंबातील आहेत.

या साखळीचा आरंभ मिथेनॉल व अमोनिया यांपासून होतो. उच्च तापमानास उत्प्रेरकावरून त्यांचे बाष्प नेले असता मोनो-, डाय- व ट्रायमिथिल अमाइन यांचे मिश्रण मिळते. तिन्ही एकत्रच तयार होत असल्याने प्रत्येकासाठी उपयोग शोधणे ही अमाइन उद्योगाची गरज असते. डायमिथिल अमाइनची कार्बन मोनॉक्साइडशी अभिक्रिया करून डीएमएफ मिळते. मोनोमिथिल अमाइनची गॅमा-ब्युटायरोलॅक्टोनशी अभिक्रिया केल्यास एनएमपी तयार होते. त्याच लॅक्टोनवर अमाइनऐवजी अमोनियाची अभिक्रिया केली की २-पायरोलिडोन मिळते. त्यास अॅसिटिलीनने व्हिनिल गट जोडून त्याचे बहुवारिकीकरण केले की पॉलिव्हिनिल पायरोलिडोन, म्हणजे पीव्हीपी, तयार होते.

एनएमपी व पीव्हीपी यांच्या रचना शेजारी मांडल्यास एक बोधप्रद गोष्ट दिसते. चार कार्बन व एक नायट्रोजन यांचे, एका कार्बनवर ऑक्सिजन असलेले पंचकोनी वलय दोहोंत समान आहे. एनएमपीत ते सुटे असते, तर पीव्हीपीत अशी शेकडो वलये एका साखळीवर ओवलेली असतात. एनएमपी हा सुटा मणी मानल्यास पीव्हीपी ही त्याच मण्यांची माळ होय. सुटा मणी नलिकेच्या पृष्ठभागावर येतो व जातो. माळ मात्र अनेक ठिकाणी एकाच वेळी चिकटलेली असल्याने सहजी सुटत नाही आणि तिचे मोकळे भाग द्रवात पसरून दुसऱ्या नलिकेस जवळ येऊ देत नाहीत. पदव्युत्तर वर्गात ‘अवकाशीय स्थिरीकरण’ ही संकल्पना शिकविताना यापेक्षा जवळचे उदाहरण सोलापूरच्या विद्यार्थ्यास क्वचितच मिळेल.

६. पाण्याचा मार्ग :

पाणी हे नलिकांसाठी प्रतिकूल माध्यम असले तरी साहाय्यकाच्या मदतीने ते वापरता येते. या तत्त्वाचा अनुभव आपल्याकडे जुना आहे. पोथ्यांची काळी शाई करताना काजळ डिंकाच्या पाण्यात दीर्घकाळ घोटले जाई. घोटण्याने काजळाचे कण सुटे होत आणि डिंकाचा थर त्यांना सुटे ठेवी. इस्राएलमधील बेन-गुरियन विद्यापीठात राजदीप बंद्योपाध्याय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये बाभळीच्याच कुळातील अरबी डिंकाने एकभित्ती नलिका पाण्यात स्थिर करून दाखविल्या. शाईचे तत्त्व नॅनो पातळीवरही लागू पडते, हे त्यातून स्पष्ट झाले.

त्याआधी, २००१ मध्ये, रिचर्ड स्मॉली यांच्या राइस विद्यापीठातील गटाने पीव्हीपीसारख्या बहुवारिकांचे वेष्टन देऊन नलिका पाण्यात आणल्या होत्या. तिसरा पर्याय साबणासारख्या पृष्ठक्रियाशील द्रव्यांचा आहे. त्यांत सोडियम डोडेसिल बेंझीन सल्फोनेट विशेष परिणामकारक ठरल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. कपडे धुण्याच्या पावडरीतील मुख्य घटक याच वर्गातील असतो. त्याची जलद्वेषी शेपटी व बेंझीन वलय नलिकेस चिकटते आणि ऋणभारित डोके पाण्याकडे राहते. समान भारामुळे नलिका परस्परांस दूर सारतात. याच द्रव्याच्या साह्याने केलेल्या नलिकांच्या शाईत सुती कापड बुडवून ते विद्युतवाहक करता येते, हे स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये दाखविले. ती कृती कापड रंगात बुडवून वाळविण्यासारखीच आहे. चादर व टॉवेलसाठी प्रसिद्ध असलेल्या शहराला या प्रयोगाचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही.

पाण्याच्या मार्गाची किंमतही असते. साहाय्यक द्रव्य विद्युतरोधक असल्याने नलिकांच्या परस्परसंपर्कात ते अडथळा आणते. म्हणून वाळल्यानंतर ते धुऊन काढावे लागते किंवा त्याचे प्रमाण किमान ठेवावे लागते.

७. उपयोग : बॅटरीचा विद्युतअग्र :

वरील सर्व घटक आज एकत्र येतात ते लिथियम-आयन बॅटरीच्या धनाग्रात. धनाग्राचा सक्रिय पदार्थ पुरेसा विद्युतवाहक नसतो. म्हणून त्यात वाहक कार्बन मिसळतात. बहुभित्ती नलिका वापरल्यास अल्प प्रमाणातही सलग जाळे तयार होते. या नलिका एनएमपीमध्ये, बहुधा पीव्हीपीसारख्या साहाय्यकासह, काही टक्के सांद्रतेच्या दाट पेस्टच्या रूपात पुरविल्या जातात. एनएमपी निवडण्याचे दुसरे कारण असे की, धनाग्रातील पीव्हीडीएफ हा बंधक त्यात विरघळतो. लेप वाळविताना एनएमपीची वाफ थंड करून ती पुन्हा वापरात आणतात. एनएमपीचा उत्कलनबिंदू सुमारे २०२ अंश सेल्सिअस असल्याने या टप्प्याला बरीच ऊर्जा लागते.

येथे ‘समान विखुरण’ या शब्दाचा अर्थही बदलतो. प्रकाशीय अभ्यासात प्रत्येक नलिका एकटी हवी असते. विद्युतअग्रात मात्र नलिका परस्परांना स्पर्श करून जाळे करणाऱ्या हव्यात. केवळ गुठळ्या नकोत. हेतू निश्चित केल्याशिवाय विखुरण ‘चांगले’ की ‘वाईट’ हे ठरविता येत नाही.

८. समानतेची पारख :

‘द्रव एकसारखा काळा दिसला’ हा निकष अपुरा आहे. अल्पशा नलिकांनीही द्रव काळाभोर होतो आणि त्यातील जुड्या डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून पुढील चाचण्यांचा एकत्रित विचार करावा.

(अ) साधा प्रकाशीय सूक्ष्मदर्शक : मायक्रोमीटर आकाराच्या गुठळ्या यात थेट दिसतात. प्रत्येक महाविद्यालयात उपलब्ध असलेले हे साधन सर्वांत आधी वापरावे.

(आ) प्रकाश-शोषण मापन : सेंट्रिफ्यूजच्या आधी व नंतर शोषण मोजल्यास किती नलिका द्रवात टिकल्या हे कळते. दिवसागणिक मोजल्यास स्थैर्याचा आलेख मिळतो.

(इ) झीटा विभव : भारामुळे स्थिर झालेल्या जलीय नमुन्यास हे मापन अर्थपूर्ण आहे. पीव्हीपीने स्थिर झालेल्या नमुन्यात विभव कमी येऊनही विखुरण टिकाऊ असू शकते. तेथे ३० मिलिव्होल्टचा रूढ निकष लावणे चूक ठरते.

(ई) इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक : थेंब वाळताना सुट्या नलिकाही पुन्हा जुडीत येतात. त्यामुळे वाळलेल्या नमुन्याचे चित्र म्हणजे द्रवातील स्थिती, असे गृहीत धरता येत नाही. एका निवडक चित्रावरून ‘एकसमान विखुरण’ असा निष्कर्ष काढणे हा या क्षेत्रातील सर्वांत सामान्य दोष होय.

९. सुरक्षिततेचा प्रश्न :

या विषयातील सर्वांत गंभीर बाजू येथे आहे. नलिकांना जे द्रावक अनुकूल आहेत, ते मानवी शरीरास अनुकूल नाहीत. एनएमपी व डीएमएफ ही दोन्ही प्रजननास हानिकारक म्हणून युरोपीय संघात वर्गीकृत आहेत. एनएमपीचा समावेश तेथील अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत २०११ मध्ये झाला. सन २०२० पासून कामगाराच्या श्वासातील एनएमपीची मर्यादा दर घनमीटरला १४.४ मिलिग्रॅम, तर डिसेंबर २०२३ पासून डीएमएफची मर्यादा ६ मिलिग्रॅम अशी तेथे लागू आहे. दोन्ही द्रव त्वचेतून शरीरात शिरतात. प्रयोगशाळेतील पातळ नायट्राइल हातमोजे त्यांना फार काळ रोखत नाहीत. ब्युटिल रबराचे हातमोजे योग्य ठरतात.

नलिकांची कोरडी भुकटीही निर्धोक नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये एका विशिष्ट प्रकारच्या, ताठ बहुभित्ती नलिकांना ‘मानवात कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात ठेवले. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा संस्थेने २०१३ मध्ये हवेतील नलिकांसाठी दर घनमीटरला १ मायक्रोग्रॅम इतकी अल्प मर्यादा सुचविली. भुकटी द्रवात गेल्यावर ती उडत नाही, या अर्थाने विखुरण हा सुरक्षिततेचाही उपाय आहे. मात्र भुकटी तोलणे, सोनिकेशनमधील तुषार आणि उरलेल्या द्रवाची विल्हेवाट हे तीन टप्पे धोक्याचे राहतात. पाण्यात मिसळणारे हे द्रावक बेसिनमध्ये ओतणे सर्वथा अयोग्य होय. पदव्युत्तर विद्यार्थ्यास प्रकल्प देताना मार्गदर्शकाने द्रावकाच्या निवडीबरोबरच धूरकक्षाची व अपशिष्ट साठवणीची सोय पाहिली पाहिजे. ती नसल्यास पाण्याचा मार्ग निवडणे हेच शास्त्रीय व नैतिक दृष्ट्या उचित ठरेल.

१०. निष्कर्ष :

१. नलिकांची जुडी ही ऊर्जेची समस्या आहे. जुडी यंत्राने उकलते. ती उकललेली ठेवणे हे रसायनाचे काम आहे.

२. द्रावकाची पृष्ठऊर्जा व रेणूरचना नलिकेशी जुळावी लागते. उच्च सांद्रतेस त्यासोबत साहाय्यकही लागतो.

३. एनएमपी व पीव्हीपी यांतील समान वलय, आणि डीएमएफसह तिन्ही पदार्थांचे अमोनिया-अमाइन मूळ, यांमुळे सोलापूर परिसरातील उद्योग हा या विषयाचा जिवंत पाठ ठरतो.

४. विखुरणाचा दावा करताना हेतू, दिलेली ऊर्जा, सांद्रता व किमान दोन स्वतंत्र चाचण्या यांची नोंद असावी.

५. द्रावकाची उपयुक्तता व त्याची विषारिता यांचा विचार एकत्रच व्हावा.

समारोप :

चिंचोळीच्या कारखान्यांतून बाहेर पडणारे टँकर सोलापूरच्या विद्यार्थ्याला रोज दिसतात. त्यांतील द्रव नॅनोविज्ञानाच्या एका मूलभूत प्रश्नाशी जोडलेला आहे, हे मात्र क्वचितच त्याला वर्गात सांगितले जाते. डिंकाचे पाणी, धुण्याच्या पावडरीतील द्रव्य व पीव्हीपी या तीन साहाय्यकांची पाण्यातील तुलना साध्या सूक्ष्मदर्शकाने व प्रकाश-शोषणमापकाने करणे हा पदव्युत्तर स्तरावरील प्रकल्प महाविद्यालयाच्या आवाक्यातला आहे. अशा प्रकल्पाचा निष्कर्ष लहान असला तरी तो तपासून पाहता येईल असा असावा. विखुरणाच्या अभ्यासात आज याच गोष्टीची सर्वाधिक निकड आहे.